अर्ध्या वाक्यापुरती हाक

देवानंद गेडाम बुधवारी भर दुपारी, वैद्यकीय मंडळासमोर, अर्ध्या वाक्यात झोपी गेले ते अजून उठलेले नाहीत.

कार्यालयाच्या म्हणण्यानुसार असं काहीही घडलेलं नाही. कार्यालयाच्या पडद्यावर गेडामांच्या नावापुढे हिरवा ठिपका आहे, आणि हिरवा ठिपका म्हणजे माणूस जागा. ठिपक्याशी वाद घालून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही, तेव्हा आपणही तसंच धरून चालू. काही घडलेलं नाही. दोन दिवस आधीचा सोमवार आहे, रानपौनीच्या जिल्हा संकुलात ऊन तापायला लागलंय, कार्यालयं उघडायला थोडा अवकाश आहे, आणि कर्मचारी वसाहतीतल्या आपल्या क्वार्टरमध्ये देवानंदभाऊ डोळे उघडताहेत.

"कमी आहे," ते म्हणाले.

उशाशी बसलेल्या ओवीने चहाचा कप खाली ठेवला. "काय कमी आहे, बाबा?"

"मीठ. भाजीत."

ती भाजी शुक्रवारची होती. शुक्रवारी संध्याकाळी कार्यालयातून येऊन ते जेवायला बसले, पहिला घास घेतला, "वनिता, भाजीत मीठ" एवढं बोलले आणि सव्वासहा वाजले. ओवीच्या आईने सवयीने डाव्या हाताने ताट मागे ओढलं आणि उजव्या हाताने त्यांचं डोकं झेललं. ताटाशेजारी उशी ठेवायची पद्धत त्या घरात आता रुळली होती. नंतर शनिवार गेला, रविवार गेला. भाजी संपली, भांडी घासून झाली, ओवी एक लग्न आणि एक साखरपुडा उरकून आली. वाक्याचा उरलेला तुकडा मात्र बाबांच्या तोंडात तसाच होता, सुपारीसारखा.

"आता बरोबर आहे मीठ," ओवी म्हणाली.

हे सगळं ग्रीष्मनिद्रेमुळे झालं. ती योजना आली तेव्हा कोणाला फार आश्चर्य वाटलं नव्हतं. सलग तीन उन्हाळे पारा पन्नाशीच्या पलीकडे गेला होता आणि दुपारी रस्त्यावर फक्त डांबर हलायचं. बेडूक उन्हाळाभर स्वतःला चिखलात पुरून घेतो, गोगलगाय शंखाचं दार लावून बसते. शरीरातला जाळ इतका मंद करतात की पुढच्या ऋतूपर्यंत पुरावा. हीच युक्ती माणसालाही जमते असं निघालं. मेंदूच्या तळाशी, तहान, भूक आणि अंगातली ऊब सांभाळणाऱ्या भागात काही मूठभर पेशी असतात. त्यांना योग्य प्रकारे चेतवलं की माणूस थंड पडतो, नाडी संथ होते, आणि महिनोन्‌महिने तो पडून राहिला तरी खराब होत नाही. चेतवायचं काम करणारी चकती कानामागे कातडीखाली बसवत. दिसायला चिंचोक्याएवढी, म्हणून सगळे तिला चिंचोकाच म्हणत.

एप्रिल आणि मे असे दोन महिने संकुलातले कर्मचारी एका थंड सभागृहात ओळीने निजवले गेले. एक सभागृह गार ठेवायचं, बाकी सगळ्या इमारतींची वीज वाचवायची, असा हिशोब. कार्यालयं दोन महिने बंद होती ही गोष्ट जुलैपर्यंत नागरिकांच्या लक्षात आली नाही.

उठवायचं कसं, याचं उत्तर संगणकवाल्यांकडे जुनंच तयार होतं. बंद केलेला संगणक पूर्ण झोपत नाही. त्याचं जाळ्याला जोडलेलं कार्ड चिमूटभर विजेवर जागं असतं आणि येणाऱ्याजाणाऱ्या संदेशांत एकच नक्षी शोधत बसतं: आधी सहा वेळा एकच ठोका, मग स्वतःचा पत्ता, सोळा वेळा. पत्ता एकदा आला तर तो योगायोग असू शकतो. सोळा वेळा आला म्हणजे आपल्यालाच बोलावताहेत, हे कार्डालाही कळतं. (आईला पोरगं उठवायला साधारण तितक्याच हाका लागतात.) नक्षी दिसली की कार्ड बाकीच्या यंत्राला ढोसून उठवतं. चिंचोक्यात असंच एक कार्ड होतं. माणूस झोपलेला, त्याचा एक कान जागा.

फक्त जाळं मोठं असलं की हाक सगळीकडे जात नाही. हजारो यंत्रं एकाच जाळ्यावर ओरडायला लागली तर कोणालाच काही ऐकू येणार नाही, म्हणून जाळ्याचे पाडे करतात आणि एका पाड्यातली आरोळी दुसऱ्यात जाऊ देत नाहीत. रानपौनीत मात्र माणसं कुठेही निजलेली असू शकतात म्हणून उठवण्याची हाक प्रत्येक पाड्यात, अगदी वसाहतीतल्या क्वार्टरपर्यंत पोचवायची व्यवस्था होती. वाट्टेल त्याने वाट्टेल त्याला उठवू नये म्हणून हाकेच्या शेपटीला एक संकेत लागायचा, आणि तो मुख्यालयातलं यंत्रच लावायचं, तेही यादीत नाव असलेल्यांनाच. निजवायला असली अट नव्हती. निजवणं कोणालाही जमायचं.

आता देवानंदभाऊंचं. ते भूमी अभिलेख कार्यालयात अव्वल कारकून. त्यांचा पहिला चिंचोका चाचणीतच नापास झाला. बदली चिंचोका आला तो कोरा, पत्ता न घातलेला. तो पत्ता घालायचं काम आलं फैजानकडे. फैजान म्हणजे संकुलाचं जाळं सांभाळणारा कंत्राटी माणूस. ओवीच्याच वयाचा, खिशात कायम एक पक्कड. संकुलातला रिवाज असा की कार्ड बदललं तर जुन्या कार्डाचाच पत्ता नव्यावर चढवायचा. नवा पत्ता दिला तर डेड स्टॉकच्या, म्हणजे सरकारी सामानाच्या, वहीत नोंद बदलावी लागते आणि त्याला तीन सह्या लागतात. पण जुना चिंचोका तर कंपनीने परत नेलेला. मग फैजानने गेडामांच्या नावावर जो एकमेव पत्ता होता तो चढवला. तो त्यांच्या टेबलावरच्या संगणकाचा होता.

"चुकलं काय पण?" फैजान नंतर ओवीला म्हणाला होता. "काका झोपले की त्यांचा संगणक झोपते. काका जागे तर तो जागा. एका घरात दोघांना एक हाक पुरते ना?"

पुरली. जूनमध्ये सगळे उठले, तसे देवानंदभाऊही उठले. मग मुख्यालयाने सगळ्या चिंचोक्यांना शेवटचा हुकूम धाडला: योजना संपली, कायमचे बंद व्हा. प्रत्येकाने उलट उत्तर पाठवायचं होतं, "बंद झालो." देवानंदभाऊंच्या पत्त्यावरून उत्तर सगळ्यांत आधी आलं. ते टेबलावरच्या संगणकाने दिलं होतं. सरकारी यंत्र असून त्याने तत्परता दाखवली ती नेमकी तिथे. मुख्यालयाने खूण केली, पान उलटलं. एका पत्त्याला एकच उत्तर पुरतं, म्हणून हुकूम चिंचोक्यापर्यंत पोचलाच नाही आणि तो तसाच चालू राहिला.

तेव्हापासून टेबलावरच्या खोक्याला जे व्हायचं तेच देवानंदभाऊंना व्हायचं. कार्यालयीन दिवशी सकाळी खोकं उठायचं, ते उठायचे. सव्वासहाला मुख्यालय सगळी खोकी निजवायचं, ते निजायचे. शनिवार-रविवार नाही, सार्वजनिक सुट्टी नाही. दिवाळी त्यांनी पाहिलीच नाही. कार्यालय सुटण्यापासून सव्वासहापर्यंत जेमतेम अर्धा तास, तेवढाच त्यांचा संसार.

आणि ओवीच्या वाट्याला तोही नाही. ती लग्नासमारंभात निवेदन करायची. संध्याकाळी तिचा माईक सुरू व्हायचा, रविवारी तर सकाळपासून. व्यासपीठावर मामा अडखळला, वरबाप गहिवरला, की त्याचं वाक्य पूर्ण करून द्यायचं, हा तिचा धंदा. आजवर एकही वाक्य तिच्या हातून अर्धं राहिलेलं नव्हतं.

"मंगळवारचं सांगितलं का तुले?" बाबा कार्यालयात गेल्यावर आई म्हणाली. ती वांगी चिरत होती.

"काय मंगळवारचं?"

"पहाटे उठून बसतात. बोलत नाहीत. भिंतीकडे पाहतात, इकडून तिकडे, इकडून तिकडे, वाचल्यासारखं. मग आडवे."

ओवीला कळलं. मंगळवारी पहाटे मुख्यालय सगळी यंत्रं दुरुस्तीसाठी, नवं काही भरण्यासाठी उठवायचं. "मग?"

"मग काही नाही. सुधारतात." आईने वांग्याचा देठ बाजूला ठेवला. "आधी शिंका तीन यायच्या, लागोपाठ. आता एकच येते. घोरणं गेलं. मागच्या मंगळवारपासून मले वनिता म्हणतात."

"नावच आहे ना तुझं."

"वनू म्हणायचे," आई म्हणाली, आणि पुढचं वांगं घेतलं.

तेवढ्यात फैजान दारात आला. चप्पल न काढताच उभा राहिला, म्हणजे बातमी वाईट.

"गेडाम काकांचा संगणक निर्लेखनात गेला. जुना झाला म्हणे. या महिन्याअखेर लिलाव."

"मग खोकं आपण घरी आणू," ओवी म्हणाली. "मी घेते लिलावात."

"घे ना. शोकेसमध्ये ठेव. पण निर्लेखन झालं की पत्ता यादीतून जाते. हाक कोण मारणार?"

"तू मार."

"मी काय मारणार बाई? हाकेची शेपटी मुख्यालयाकडे. मले फक्त निजवता येते. उठवाले परवानगी लागते, निजवाले कोणाचीच लागत नाही."

आईची सुरी थांबली.

उपाय एकच होता आणि तो घरातल्या सगळ्यांना पाठ होता. वैद्यकीय मंडळाने कानामागे तार टेकवून चिंचोका हाताने बंद करायचा. पाच मिनिटांचं काम. नागपूरच्या खाजगी डॉक्टरांनी हात लावायला आधीच नकार दिला होता. चिंचोका सरकारी मालमत्ता. मंडळ मात्र फक्त नादुरुस्त चिंचोके बंद करायचं, आणि मंडळ भरायचं बुधवारी. बुधवारी देवानंदभाऊ ठणठणीत जागे असायचे. दोनदा नेलं, दोन्हीदा "कोणताही दोष आढळला नाही" असं प्रमाणपत्र मिळालं. दुसरं तर त्यांनी कौतुकाने भिंतीवर लावलं होतं.

"परवा बुधवार," ओवी म्हणाली. "बाबा मंडळासमोर बसले असताना तू खोकं निजव. समोरच झोपले तर दिसेल ना त्यांना?"

फैजानने पक्कड खिशातून काढली, उघडली, मिटली. "अन् मग?"

"मग चिंचोका बंद करतील. नाहीच केला तर गुरुवारी सकाळी मुख्यालय हाक मारेलच. यादीत नाव आहे अजून. एक दुपार जाईल फक्त."

त्या संध्याकाळी तिने कोणाच्या तरी हळदीचं काम सोडलं आणि बाबांच्या अर्ध्या तासात बसली. बेत सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकला.

"मला दुखत नाही काही," ते म्हणाले. "सव्वासहा होतात, आणि लगेच सकाळ होते. मधे काहीच नसतं. तुमचं वय वाढतं तेवढं मात्र दिसतं."

"बाबा, असं नका बोलू."

"अगं, खरंच दिसतं. सोमवारी तुझे केस शुक्रवारपेक्षा वेगळे असतात." ते हसले. मग घड्याळाकडे पाहिलं आणि आपणहून उशी ओढून घेतली.

बुधवारी मंडळात तिघे होते. अध्यक्ष डॉ. धाबेकर मॅडम, प्रशासनाचे कावडे साहेब, आणि चिंचोक्याच्या कंपनीचे तज्ज्ञ, जे भिंतीवरच्या पडद्यावर होते आणि संपर्क तुटल्यामुळे सुरुवातीपासून एका डोळ्यावर हात ठेवून गोठलेले होते. त्यांची हजेरी लागलेली होती.

"काय त्रास?" मॅडमनी विचारलं.

"त्रास नाही मॅडम. झोप फार चांगली लागते."

ओवीने त्यांना कोपर मारलं.

"सुट्टीच्या दिवशी उठत नाहीत," ती म्हणाली.

"मग सुट्टीच्या दिवशी आणा ना."

"सुट्टीच्या दिवशी मंडळ नसतं मॅडम."

"नसतंच," मॅडम समजुतीने म्हणाल्या. "आम्हालाही घरदार आहे." त्यांनी देवानंदभाऊंच्या डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर हातोडी मारली. गुडघ्याने तात्काळ प्रतिसाद दिला. मॅडम कौतुकाने मान हलवून लिहायला लागल्या, आणि ते लिहिणं काय असणार हे ओवीला दुसऱ्या प्रमाणपत्रावरून माहीत होतं. तिने पदराआडून फैजानला मिस्ड कॉल दिला.

भूमी अभिलेख कार्यालय दोन इमारती पलीकडे. फैजान खोक्यासमोर बसलेला असणार. इकडे काही क्षण काहीच झालं नाही. पंखा फिरत होता. देवानंदभाऊ बोलायला लागले, आणि ते बोलणार हे बेतात नव्हतं.

"मॅडम, खोक्याचं काय व्हायचं ते होऊ द्या. मला एवढंच सांगायचं होतं की ही ओवी, माझी पोरगी. हिला मी"

आणि थांबले.

ते खुर्चीत कोसळले नाहीत. पाठ ताठ, हात मांडीवर. डोळे हळू मिटले, जसा पडदा आपणहून काळा होतो तसे. ओठ एकमेकांना जेमतेम टेकले होते, पुढचा शब्द आत घेऊन. खोलीत बाकी सगळं चालू होतं, आणि पडद्यावरचा गोठलेला तज्ज्ञ त्या क्षणी नेमका हलला, डोळ्यावरचा हात काढून म्हणाला, "आवाज येतोय का माझा?" आणि पुन्हा गोठला.

"बघा," ओवी म्हणाली. तिचा आवाज व्यासपीठावरच्यासारखा स्वच्छ निघाला. "दिसतंय ना आता?"

डॉ. धाबेकर उठल्या. नाडी धरली, बराच वेळ धरावी लागली, दोन ठोक्यांच्या मधे एवढी जागा होती. कानामागे मोजणी यंत्र टेकवलं. वाचलं.

"कुठूनतरी निजण्याचा हुकूम आला होता," त्या म्हणाल्या. "चिंचोक्याने तो तत्काळ पाळला. उत्तम चालू आहे. आमच्या घरच्या गिझरपेक्षा चांगला."

"मग बंद करा तो."

"बेटा, आम्ही नादुरुस्त बंद करतो. चालू असलेली सरकारी वस्तू बंद करायचे अधिकार मंडळाला नाहीत. शिवाय," त्यांनी पडदा वळवून दाखवला, "हा जूनमध्येच बंद झालाय. हे बघ, त्याने स्वतः कळवलंय."

हिरवा ठिपका होता. त्यापुढे लिहिलं होतं: जागा.

ओवीने ठिपक्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "मॅडम, ते तुमच्यासमोर झोपलेत."

"तोच मुद्दा आहे," कावडे साहेब पहिल्यांदाच बोलले. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "कार्यालयीन वेळेत झोपलेत, अन् नोंदीप्रमाणे कोणतंही वैद्यकीय कारण नाही. बाहेर कुठं झोपले असते तर मी पाहिलं नाही म्हटलं असतं. गेडाम माझ्या बॅचचे आहेत हो. पण समोर झोपले. आता मी काय करू?"

निलंबनाचा आदेश पंधरा मिनिटांत निघाला. एवढी तत्परता ओवीने त्या संकुलात पहिल्यांदाच पाहिली, म्हणजे खोक्यानंतर पहिल्यांदा. आदेश बजावल्याची सही झोपलेल्या माणसाची चालत नव्हती म्हणून तिने केली. निलंबित कर्मचाऱ्याचा संगणक त्याच दिवशी यादीतून काढतात, दुरुपयोग होऊ नये म्हणून. हे तिला फैजानने सांगितलं, संध्याकाळी, क्वार्टरच्या पायरीवर. या वेळी त्याने चप्पल काढली होती, पण आत आला नाही.

गुरुवारी सकाळी तिघे बाबांभोवती बसले: ओवी, आई, आणि दाराच्या चौकटीत फैजान. हाकेची वेळ झाली. शेजारच्या क्वार्टरमधलं कोणाचं तरी कार्यालयाचं यंत्र टुंग करून उठलं. मग पलीकडचं. मग वरच्या मजल्यावरचं. वसाहतभर, इमारत दर इमारत, उठण्याचा तो बारीक आवाज पसरत गेला आणि लांब, जलसंपदा कार्यालयाच्या दिशेला विरला. प्रत्येकाला आपलं नाव सोळा वेळा ऐकू आलं होतं.

बाबांचे ओठ तसेच होते.

डॉक्टर म्हणतात असा माणूस वर्षानुवर्षं टिकतो, काळजीचं कारण नाही. आई रोज सकाळी त्याच वेळेला त्यांच्या कानाशी वाकून "अहो, वनू बोलते" असं सोळा वेळा म्हणते. फैजानने मोजायला शिकवलं. खोकं लिलावातून ओवीने आणलं. ते कोपऱ्यात आहे, त्यावर आईने रुमाल घातलाय. मंगळवारी पहाटे आता कोणी उठून बसत नाही.

ओवी अजून निवेदन करते. कामावर जायच्या आधी आरशासमोर उभी राहते आणि ओठ तसे ठेवते, एकमेकांना जेमतेम टेकलेले. मग उघडते. हिला मी पाहिलंच नाही. हिला मी फार कमी. हिला मी बोललो नाही कधी. हिला मी भेटतो कुठे. हिला मी माफ. ओठ टेकवून सुरू होणारा एकेक शब्द घालून बघते आणि आरशातल्या तोंडाची तुलना आतल्या खोलीतल्या तोंडाशी करते. पाचही बसतात. तिने शेकडो माणसांची वाक्यं पूर्ण केली आहेत, पण हे तिला सुचत नाही, आणि सुचलेलं तिला नको आहे. शेवटी तिने जे येतं ते केलं. अर्ज लिहिला.

प्रति,
मा. मुख्य नियंत्रक, जागृती कक्ष, मुख्यालय

विषय: एक हाक मिळण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, माझे वडील श्री. देवानंद गेडाम, अव्वल कारकून (निलंबित), हे आपल्या नोंदीनुसार जागे आहेत. सदर नोंदीबाबत अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. तथापि मंडळासमोर बोलत असताना त्यांचे एक वाक्य अपूर्ण राहिले असून ते अन्य कोणाकडूनही पूर्ण करून घेता येत नाही, याची अर्जदाराने खात्री केली आहे.

तरी, सदर वाक्य संपेपर्यंत पुरेल अशी एक हाक, आपल्या सोयीच्या कोणत्याही कार्यालयीन दिवशी, अर्जदार घरी असताना मारण्यात यावी. वाक्य संपताच त्यांना पूर्ववत निजवण्यास कुटुंबीयांची हरकत नाही.

आपली विश्वासू,
ओवी देवानंद गेडाम